दहाव्या मजल्यावरची उदास बाई

८ जानेवारी, लोणावळा

आज माझ्या पहिल्या अल्बमच्या रेकॉर्डिंगसाठी इथे आले. हे वाक्य दोनदा लिहून पाहिलं. दोन्ही वेळा छान वाटलं.

खेड्यातली मुलगी मोठ्या शहरात जाते, त्याची गाणी आहेत. मुलगी मीच. अल्बमचं नाव 'दहावा मजला'. शहरात गोंगाट फार, म्हणून शहराची गाणी गायला तुंगार्लीला, मुकुलच्या मावशीच्या बंगल्यात आलो आहोत. मुकुल संगीत देतो, रेकॉर्डिंग करतो आणि मावशीच्या कुंड्यांना पाणी घालतो. बंगला त्या अटीवरच मिळालाय. माझे मोबाइलवर टाकलेले तीन व्हिडिओ बघून त्याने मला शोधून काढलं. म्हणाला, "तुझं गाणं म्हणजे मराठी कंट्री आहे." मी जाणत्यासारखी मान हलवली आणि बाथरूममध्ये जाऊन कंट्री म्हणजे काय ते शोधलं. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतली गाणी, असं निघालं.

माझं गाव, नवलाख उंबरे, इथून तासाभरावर. घरी सांगितलेलं नाही. सांगितलं तर आई डबा घेऊन येईल आणि अण्णा येणार नाहीत. न आलेले अण्णा या बंगल्यात मावणार नाहीत.

अण्णांची भीमगीतांची पार्टी आहे. कंपनीतून रिटायर झाले, पार्टीतून कधी होणार नाहीत. शाळेत असल्यापासून मी त्यांच्या डाव्या हाताला उभी राहून गायले. दोन वर्षांपूर्वी, ऐन जयंतीच्या तोंडावर, मी मुंबईला निघाले. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. पहिल्या दिवशी एवढं पुरे. कलाकाराने सगळं दुःख एकदम खर्च करू नये.

९ जानेवारी

आईचा फोन. आई फोन नेहमी स्पीकरवर ठेवते. कानाला लावला की गरम होतो म्हणते. मी गोरेगावला कानाच्या मशिनच्या दुकानात काम करते, म्हटलं तुला एक चांगलं मशिन आणते. तर म्हणाली, "माजं कान धड हायती. तुजं बघ."

"कुटं हायेस?"

"मुंबईत."

"जेवलीस का? पोटभर जेवलीस का?"

"जेवले गं."

मग कुणीतरी पाठ करून घेतल्यासारखं बोलली, "वरच्या सुराला तुजी मान ताठ व्हती. पट्टी अर्ध्यानं उतरव. आन सकाळचं थंड पानी पिऊ नगं."

आईने जन्मात अंगाईसुद्धा सुरात म्हटलेली नाही. आता पट्टीबद्दल बोलते. दिवसभर मोबाइलवर काय बघत असते कोण जाणे. मागे कुणीतरी खोकलं. टीव्ही असणार.

११ जानेवारी

शनिवार. शेजारचा बंगला पुण्याच्या कुठल्यातरी ऑफिसने घेतलाय. या थंडीत सगळे पोहण्याच्या टाकीत उभे राहून गाणी ओरडताहेत. मुकुलने रेकॉर्डिंग बंद ठेवलं. शहरापासून पळून आलो आणि शहर सुट्टी काढून मागे आलं. ही ओळ गाण्यासाठी लिहून ठेवली. चहा पिऊन पुन्हा वाचली. खोडली.

१३ जानेवारी

आज मुख्य गाणं. हेच ते, ज्यावर लोकांनी रडणारे चेहरे टाकले होते:

'दहाव्या मजल्याची खिडकी, तिला ना अंगण ना दार,
उपाशी निजते लेक तुझी, गं माये, शहर लई गार.'

मुकुल म्हणाला, "मुंबई गार कुठे असते?"

"मनाने गार," मी म्हटलं. मुंबईत गार फक्त मॉलमध्ये लागतं, हे मलाही माहीत आहे.

सकाळपासून तेच कडवं गात होते. प्रत्येक वेळी सूर बरोबर, ताल बरोबर, आणि मुकुलचा चेहरा पडलेला. शेवटी त्याने हेडफोन काढले. "ज्योत्स्ना, राग मानू नकोस. हे गाताना तू हसतेस."

"मी?"

"ओठांनी नाही. आवाजात हसू आहे. जरा थांबू. मला तुझा तिथला एक दिवस सांग. कुठला तरी वाईट दिवस सांग, म्हणजे मूड येईल."

म्हणून मी वाईट दिवस सांगायला लागले. ज्या दिवशी बस चुकली तो. पण बस चुकली म्हणून चालत गेले आणि त्या रस्त्यावर ती इडलीवाली सापडली. मग ते आजोबा, ज्यांनी दुकानात मशिन कानाला लावल्यावर दचकून विचारलं होतं, "हा पंखा एवढा आवाज करतो?" आणि मग पंख्याखाली बसूनच राहिले. मग सई, माझी रूममेट, जिला स्वयंपाकातलं फक्त मीठ घालता येतं आणि ती ते दोनदा घालते. रविवारी आम्ही दोघी गच्चीवर केस वाळवत बसतो आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या भांडणाला चाल लावतो. मला वाटतं मी बराच वेळ बोलत होते.

मुकुलने माइक बंद केला नव्हता. त्याने मला ते सगळं ऐकवलं आणि विचारलं, "ही कोण आहे? ही अल्बममध्ये का नाही?"

मी म्हटलं, "ही गाणारी नाहीये, ही बडबडणारी आहे," आणि तणतणत बागेत गेले. तिथे करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कुंड्यांना पाणी घातलं. त्यांना सकाळीच घातलेलं होतं.

१४ जानेवारी

दिवसभर फुगून बसले. फुगून बसण्यातही कष्ट असतात. मुकुल पोहे घेऊन आला तेव्हा भूक लागली होती, तरी थोडा वेळ न खाता बसावं लागलं.

खरी अडचण इथे लिहिते. मी सुखी निघाले तर अल्बमचं काय? उदास बाईला ऐकणारे आहेत. सुखी बाईला कोण ऐकतं? तिला फार तर पत्ता विचारतात.

आणखी एक. मी ज्या तऱ्हेने घर सोडलं, अण्णांनी दार लावून घेतलं आणि मी बॅग उचलून चालू लागले, त्यानंतर निदान थोडं दुःखी तरी असायला नको का? बापाला सोडून गेलेली मुलगी तिकडे मजेत आहे, हे बरं दिसत नाही. पहिले दोन महिने मी खरोखर रडले होते. ती गाणी तेव्हाची. मग रडू संपलं आणि गाणी तशीच चालू राहिली.

आणि मी दहाव्या मजल्यावर राहत नाही. दुसऱ्या मजल्यावर राहते. पण दुसऱ्या मजल्यावर कोण उदास होतं? तिथून भाजीवाली दिसते.

१७ जानेवारी

पकडले गेले. बाजारात वडापाव खात होते, तोंड भरलेलं, आणि समोर जीप थांबली. प्रितम. माझा मावसभाऊ. पवनानगरला तंबूत राहायला येणाऱ्या पाहुण्यांना स्टेशनवरून ने-आण करतो.

"ताई? तू मुंबईला ना?"

मी घास गिळून म्हटलं, "हो. म्हणजे आज नाही."

तो मला वरून खालपर्यंत बघत राहिला. "जाड झालीस की गं. आन तिकडं घरी काय येगळंच..." आणि गिअरला हात घातला.

"काय वेगळंच?"

"काय न्हाई. पावनी खोळंबल्यात."

बंगला कुठला ते त्याने काढून घेतलंच. त्याला शपथ घातली आणि चिक्कीचं पाकीट दिलं. प्रितमच्या पोटात लहानपणापासून काहीही राहत नाही. चिक्की राहील, बातमी राहणार नाही.

जाड झाले आहे का? मुकुलला विचारलं. तो म्हणाला तो या प्रश्नाचं उत्तर देत नसतो.

१९ जानेवारी

दुपारी फाटक वाजलं. आई. डोक्यावर पदर, एका हातात इंद्रायणी तांदळाची पिशवी, दुसऱ्या हातात भाकरी, ठेचा आणि वालाच्या बिरड्याचा डबा. मी पाया पडायला वाकले तर तिने मध्येच धरलं आणि दंड दाबून पाहिला. मग गाल. बाजारात वांगी बघावीत तसं.

"बरी हायेस की," ती म्हणाली, जणू मी तिला फसवलं होतं.

मुकुलने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कौतुकाने सांगितलं, "मावशी, तुमची मुलगी फार छान कंट्री करते."

आईचा चेहरा पांढरा झाला. "कंट्री? दारू गाळती?"

ते निस्तरेपर्यंत चहा झाला. मग आईने विचारलं, "लिफ्ट बंद पडती का गं तुज्या तितं?"

"आमच्याकडे लिफ्टच नाही."

"बाई! दहा मजलं चढतीस? उपाशी पोटी?"

"आई, मी दुसऱ्या मजल्यावर राहते."

"मंग गाण्यात?"

"गाण्यात दहावा बरा वाटतो. आणि उपाशी बिपाशी काही नसते मी. ते गाण्यापुरतं. गार आणि दार, असं जुळवायला लागतं."

आईने डब्याचं झाकण काढलं, परत लावलं. मग म्हणाली, "दोन वर्सं मी भाकरीचा पयला तुकडा मोडला की मला तू दिसतीस. दर आल्यागेल्याबरं तांदूळ धाडती. तुला वाटलं आसंल म्हातारीला येड लागलंय."

मला तसंच वाटलं होतं. आमच्या खोलीत पलंगाखाली एवढा तांदूळ साठलाय की सई त्याला गोदाम म्हणते. मला वाटायचं, आयांना तांदूळ पाठवायची सवय असते.

मी तिला मिठी मारली. तिने मारू दिली, पण डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

थोड्या वेळाने ती उठली. "जाते. त्यो स्टेशनावर बसलाय."

"कोण?"

"कोन म्हंजी? तुजा बाप. हितवर आला आन म्हनला, तू जा, मी बाकड्यावर बसतो."

रिक्षात मी काय काय बोलायचं ते ठरवत होते. अण्णा फलाटावरच्या बाकावर ताठ बसले होते, पांढरा सदरा, मांडीवर टोपी. मिशा जास्त पांढऱ्या झाल्यात. मी समोर उभी राहिले. ठरवलेलं सगळं उडालं.

"घसा बसलाय तुजा," ते म्हणाले. दोन वर्षांतलं पहिलं वाक्य. "पट्टी उतरवली न्हाईस ना?"

"नाही."

"उतरव."

"अण्णा, बंगल्यावर चला ना. ऐकून जा."

"गाडी हाय," ते म्हणाले. गाडी खरंच होती. ती आली आणि दोघं तिच्यात बसले. आई खिडकीतून बघत होती, अण्णा समोर.

गंमत म्हणजे पट्टीबद्दल दोघांनीही तेच सांगितलं. इतकी वर्षं संसार केला की नवराबायको सारखंच बोलायला लागत असतील.

२० जानेवारी

पट्टी उतरवली. बरं वाटतं गाताना. मुकुल म्हणाला, "हे मी कधीचं सांगणार होतो." कधीचं सांगणारे लोक मला आवडत नाहीत.

२३ जानेवारी

नवं गाणं लिहितेय. उदास गाणी मी आंघोळ करता करता लिहायचे. हे चार दिवस झाले, अजून धड दोन कडवी नाहीत. सुखाला विशेषणं कमी आहेत. आणि लाज वाटते. 'मी मजेत आहे' असं लिहिलं की घरातलं कुणीतरी मागे उभं राहून वाचतंय असं वाटतं.

गावात आजही कुणी नवीन भेटलं की आधी आडनाव विचारतं, मग वस्ती, मग चेहऱ्यावर काहीतरी हलतं आणि मग पाणी देतात किंवा देत नाहीत. गोरेगावच्या भाजीवालीला मी कोण ते माहीत नाही. मी दोन दिवस दिसले नाही की ती रागावते. हे गाण्यात कसं आणायचं? त्यावर भाषण होतं. भाषणं अण्णांच्या पार्टीत दोन गाण्यांच्या मध्ये असतात आणि ती मला नीट येत नाहीत.

शेवटी एवढंच लिहिलं:

'कुणी विचारत नाही इथं कुणाची तू, कुठली तू,
भाजीवाली म्हणते मला, काल का नाही दिसली तू.'

२४ जानेवारी

रेकॉर्ड केलं. पहिल्याच वेळी. शेवटची ओळ, 'मी सुखात आहे, आई, तुला सांगायचं राहिलं,' गाताना आवाज फाटला. मी म्हटलं पुन्हा घेऊ. मुकुल म्हणाला, "हात लावायचा नाही." म्हणजे उदास गाणी गाताना मी हसते आणि सुखाचं गाताना रडते. माझ्यात कुठेतरी वायरी उलट्या जोडल्यात.

अल्बमचं नाव बदललं: 'दुसरा मजला'. मुकुलने जुन्यांतली निम्मी गाणी काढून टाकली. मी हरकत घेतली नाही. फक्त दोन तास वाद घातला.

२६ जानेवारी

गाणं आईच्या फोनवर पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

२९ जानेवारी

उत्तर नाही. आईला भरतकामाच्या व्हिडिओला अंगठा दाखवता येतो, मला नाही.

३० जानेवारी

आईचा फोन आला. पहिल्यांदाच स्पीकरवर नव्हता. तिचा आवाज अगदी जवळून आला.

"ऐकलं बग. मला लय आवडलं. दोनदा ऐकलं आन पोटभर जेवले."

"आणि अण्णा?"

"त्यानी बी ऐकलं. मंग उठून शेतावर गेला. जेवला न्हाई." मग म्हणाली, "तू रागानी म्हनलंयस का गं ते?"

"नाही गं. खरं म्हटलंय."

"त्येच तर," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

त्येच तर म्हणजे काय? मी सुखी आहे तर त्यांना बरं वाटायला हवं. मुकुलला विचारलं. तो म्हणाला, घरी जा. रेकॉर्डिंग संपलंय, आणि त्याला माझ्यापासून थोडी शांतताही हवी आहे, असं मला वाटलं.

२ फेब्रुवारी, नवलाख उंबरे

काल दुपारी घरी आले. कंपन्यांच्या भिंती आमच्या वस्तीच्या आणखी जवळ आल्यात. आईने दाराशीच सांगितलं, "शेतावर हाय. चा घेऊन जा."

अण्णा हरभऱ्याच्या कडेला बसले होते. मी थर्मासमधून चहा ओतला. त्यांनी तो बशीत घेतला, फुंकला, प्याला. मला वाटलं, आता परत दोन वर्षं.

मग ते म्हणाले, "गानं चांगलं हाय. भाजीवालीचं कडवं लय चांगलं. मला सुचलं नसतं."

अण्णांनी माझ्या तोंडावर माझं कौतुक कधी केलेलं नाही. मी काहीतरी वेडंवाकडं बोलणार होते, पण ते थांबलेच नाहीत.

"तू गेलीस तवा मी दार का लावलं ठावं हाय? उघडं ठिवलं आसतं तर तुज्या मागं आलो आसतो. वाटेत हात धरून 'परत चल' म्हनलो आसतो. आन तू आली आसतीस. तू आयकतीस माजं. म्हनून बोललोच न्हाई. फोनवर बी तेच. तोंड उघडलं की तेच निघालं आसतं."

"अण्णा..."

"थांब. मंग तुजी ती रडकी गानी यायला लागली. तुजी आई रडायची. मी न्हाई. मी रोज ऐकायचो. मला वाटायचं, पोरगी दुखी हाय, म्हंजी कंटाळंल. म्हंजी यील परत." बशी त्यांनी गवतावर पुसली. "आसं बापानं मनात आनू नये. पर आनलं. पार्टीत तुजी जागा मी भरली न्हाई. लोकं म्हनायची, भाऊ, डाव्या हाताला मोकळं दिसतंय. मी म्हनायचो, आसू द्या."

मला गाण्यात सुचतं, शेतात सुचत नाही. मी फक्त म्हटलं, "मी परत येणार नाही, अण्णा. म्हणजे येत जाईन. पण राहायला नाही."

"कळलं ते. गान्यात म्हनलीस की." त्यांनी दूर कंपनीच्या शेडकडे पाहिलं. "सुखी हायेस ना?"

"हो."

"मंग मी आता जागा भरतो. रतनबाईच्या सुनंला घेतो. पोरीचा आवाज बरा हाय."

मी म्हटलं, "हो, घ्या." आणि लगेच मनात आलं, रतनबाईच्या सुनेचा आवाज? तो बरा आहे? शहरात राहून आपलं मन मोठं झालंय असं मला वाटत होतं.

संध्याकाळी विहारात पार्टीची तालीम होती. अण्णांनी मला चल म्हटलं नाही, नको म्हटलं नाही, नुसतं दाराशी चपला घालून उभे राहिले. मी गेले.

रतनबाईची सून आली होती. वर्षा नाव. कंपनीच्या गणवेशातच, ड्यूटीवरून थेट. मला बघून हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. अण्णांनी ढोलकीवाल्याला खूण केली आणि माझी ओळ आली, जी मी शाळेत असल्यापासून गात होते. तिने ती घाईत उचलली आणि वरच्या सुराला श्वास संपला. पुन्हा केलं, पुन्हा संपला.

मी उठून तिच्याजवळ गेले. हळूच म्हटलं, "'माणूस' या शब्दाच्या आधी श्वास घे. तिथे ढोलकी जरा थांबते, कुणाला कळत नाही. आणि मान सैल सोड."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुमी गाणार असाल तर मी न्हाई उभी ऱ्हात."

"मी नाही गाणार. तू घे."

पुढच्या वेळी तिने श्वास घेतला आणि सूर लागला. स्वच्छ, भरलेला, माझ्यापेक्षा थोडा जाड. मला खरंच वाईट वाटलं. अण्णांनी गाता गाता डावीकडे बघून मान हलवली. मला वाटलं माझ्यासाठी, आणि मीही हलवली. मग लक्षात आलं, मी भिंतीजवळ बसले होते. डावीकडे ती होती.

उद्या सकाळच्या गाडीने मुंबई. आईने सकाळपासून तांदळाची पिशवी बांधली नाही. विचारलं तर म्हणाली, "तितं काय तांदूळ मिळत न्हाईत?"